डीपी समोरूनच जाते

नागपूरलगतच्या आमच्या बेसात रविवारचा पेपर उचलला की आधी पत्रकं गळतात, मग पेपर हाती उरतो. मानेवाड्यापासून पिपळ्यापर्यंतच्या या पट्ट्यात तूर-कपाशी संपून लेआउट कधी सुरू झाले, हे कोणी नीट सांगू शकत नाही; पत्रकं मात्र एक रविवार चुकत नाहीत. त्यातलं एक आत्ता समोर पडलंय. बिल्डरचं नाव सोडतो, बाकीचा मजकूर असा : 'मौजा बेसा, ख. नं. अमुक, पी. एच. नं. तमुक. एन.ए.टी.पी. व आर.एल. प्लॉट. एनएमआरडीए सँक्शन. डी.पी. रोड टच. सी.सी. रोड, एस.टी.पी., सीसीटीव्ही. मिहान, एम्स, आयआयएम दहा मिनिटांवर. 1, 2 व 3 बीएचके. ईएमआयची सोय. टी अँड सी लागू.'

एवढ्या मजकुरात मराठी म्हणावं असं जवळजवळ 'दहा मिनिटांवर' एवढंच. आणि तेही खोटं.

आयुष्यभराचा पीएफ माणूस इथे ज्या अक्षरांवर ओततो, त्यातल्या निम्म्या अक्षरांचा फुलफॉर्म त्याला ठाऊक नसतो. विचारायचीही सोय नसते. 'आर.एल. म्हणजे काय हो?' असं विचारणारं गिऱ्हाईक नवखं आहे, हे प्लॉटवाल्याला त्याच क्षणी कळतं आणि चौरस फुटामागचा भाव तिथल्या तिथे पन्नास रुपयांनी चढतो. म्हणून सगळे मान डोलवतात. 'आर.एल. आहे नं?' 'आहे नं.' 'मग झालं.' काय झालं ते दोघांनाही माहीत नसतं, पण बयाना दिला जातो.

अक्षरं इंग्रजांची असली तरी उच्चार आमचा आहे. वैदर्भीय जिभेला एन, एम, एल, एफ ही मंडळी 'य'चा टेकू दिल्याशिवाय उभी राहत नाहीत. यन्नायटी, यमेसईबी, यल्लायसी, यफेसाय. एनएमआरडीए हे नाव घाईत घेतलं की 'येनेमारडीए' होतं आणि त्यातला 'मार' तेवढा ठळक ऐकू येतो. ही संस्था, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, 2017 मध्ये आली. शहराभोवतालची 719 गावं तिच्या पदरात पडली, त्यात आमचं बेसा. तिच्याआधीची एनआयटी, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, ही 1936 च्या कायद्यातली. मध्यंतरी ती बरखास्त करायचं ठरलं होतं, मग ती पुन्हा जिवंत झाली. दोन्ही खुर्च्यांवर बरेचदा अधिकारी एकच असतो. त्यामुळे एनआयटीने एनएमआरडीएला पत्र लिहिलं, तर सही करणारा आणि पोच देणारा एकच निघण्याची सोय आहे.

आर.एल.ची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत नागपूरच्या चारी अंगांनी गृहनिर्माण संस्थांनी शेतं घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या आणि महिन्याच्या हप्त्यावर प्लॉट विकले. मंजुरी वगैरे नंतर बघू, असं सगळ्यांचंच मत पडलं. नंतर म्हणजे 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला आणि पैसे भरून, नकाशा देऊन हे सगळं नियमित करून घ्यायची वाट मोकळी झाली. नियमित झाल्याचं जे पत्र मिळतं ते रेग्युलरायझेशन लेटर, म्हणजे आर.एल. शहरात असे लेआउट इतके होते की त्यांची नावं घ्यायचा लोकांना कंटाळा आला आणि '572 मधला' आणि '1900 मधला' अशा दोन जाती पडल्या. 'आमचा 572 मधला आहे' हे वाक्य नागपुरात अजूनही जरा ताठ मानेने म्हटलं जातं. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे सैन्यातल्या पलटणीबद्दल बोलताहेत.

पण लोक विचारतात ते 'आर.एल. लेटर आहे काय?' असं. त्यातल्या एलचा अर्थच लेटर, हे मी एका नातेवाइकाला सांगून बघितलं. तो दचकला. 'म्हणजे दोन लेटर लागतात काय?' म्हणाला, आणि दुसरं कोणत्या टेबलावर मिळतं याची चौकशी करायला लागला. पिन नंबर आणि एटीएम मशीनचं वारं प्यालेल्या समाजात एक लेटर जास्त मागितल्याने काही बिघडत नाही, हे मला तेव्हा पटलं.

एन.ए.चं निराळंच. जमिनीच्या कागदात एन.ए. म्हणजे नॉन-अॅग्रिकल्चरल, अकृषिक. इतर कुठल्याही फॉर्मवर एन.ए. म्हणजे नॉट अॅप्लिकेबल, लागू नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका फॉर्मात 'एन.ए. आदेश क्रमांक' या रकान्यासमोर शांतपणे 'एन.ए.' लिहिलं. त्यांना म्हणायचं होतं, आपल्याला हे लागू नाही. कारकुनाने वाचलं, एन.ए. आहे. फॉर्म पास झाला. इतका समाधानी व्यवहार मी सरकारी खिडकीवर दुसरा पाहिला नाही.

आणि पी. एच. नं.! विदर्भात तलाठ्याला पटवारी म्हणतात आणि त्याच्या कार्यक्षेत्राला हलका. मराठी कागदात प.ह.नं. लिहितात, पटवारी हलका नंबर. हा कागद वकिलाकडे जाऊन इंग्रजी होतो तेव्हा पटवारी आणि हलका यांचं भाषांतर करायच्या फंदात कोणी पडत नाही, नुसती लिपी बदलते आणि पी. एच. नं. तयार होतो. अक्षरं इंग्रजी, पोटात पटवारी. आमच्या एका मावशींनी पत्रकावरचा तो पी. एच. नं. फोनवर लावला. दोन आकडी नंबर कसा असेल, ही शंका त्यांना आली होती. पण हल्ली गॅसपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांचे नंबर तोकडे झालेत, बिल्डरही मोठा असेल, असं त्यांनी धरलं. फोनवरची बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मावशींनी संध्याकाळच्या आत अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं की बिल्डर पळाला.

या सगळ्या अक्षरांत राजा म्हणजे डीपी. एकाच रविवारी, एकाच मंडपात, एकाच डीपीने चार माणसांना चार दिशांना नेलेलं मी पाहिलंय. स्थळ बेसा-पिपळा रोडच्या आतलं एक शेत. शेतात मंडप, मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांसमोर लॅमिनेशन केलेला नकाशा आणि नकाशासमोर गॉगल डोक्यावर चढवलेला एक तरतरीत पोट्टा. गिऱ्हाईक म्हणून उमरेडकडचे एक निवृत्त गुरुजी, सोबत काकू आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉलमध्ये पुण्याचा मुलगा. मी शेजारच्या खुर्चीवर फुकटचे तर्री-पोहे खात बसलो होतो.

'काका, सगळ्यात मोठा प्लस पॉइंट सांगू काय?' पोट्टा म्हणाला, 'डीपी समोरूनच जाते.'

गुरुजींचा चेहरा उजळला. गावाकडे त्यांची ओलिताची शेती. तिकडे डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची खांबाजवळची ती पेटी. ती जळाली की आठवडा-आठवडा मोटर बंद आणि हरभरा माना टाकतो. 'मंग त लाइटचं टेन्शनच मिटलं,' ते काकूंना म्हणाले.

'लाइटचं काय घेऊन बसले काका. डीपी अठरा मीटरची आहे.'

'अठरा मीटर?' काकूंच्या हातातली बशी थांबली. 'अवो, आमच्या गावची एवढीशी होती थे पावसाळ्यात फुटली, त पार ओसरीवर तेल उडालं होतं. अठरा मीटरची दारात? मले नाई पायजे.'

'फुटत नाही काकू. तिची सीसी करून राहिले आता.'

इथे गुरुजी सावध झाले. त्यांनी निवृत्तीनंतर काही वर्षं गावच्या पतसंस्थेचा कारभार पाहिला होता. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, व्यापाऱ्याला माल तारण ठेवून मिळतं ते कर्ज. 'जागेवर बोजा आहे काय?' त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

'बोजा नाही काका, सिमेंट काँक्रीट!'

तेवढ्यात मोबाइलमधून मुलगा म्हणाला, 'बाबा, त्यांना डीपी पाठवायला सांगा ना, मी बघतो.' त्याला हवा होता विकास आराखड्याचा नकाशा. पोट्ट्याने गॉगल सरळ केला आणि म्हणाला, 'दादा, माह्या नंबरवर पाहून घ्या नं, लावेलच आहे.' पुण्यात दादांनी उघडून पाहिलं असणार. एका पांढऱ्या मोठ्या गाडीच्या बॉनेटवर एक पाय ठेवून पोट्टा आभाळाकडे बघतोय.

विशेष म्हणजे यात कोणीच चुकलं नव्हतं. डेव्हलपमेंट प्लॅन, डिस्ट्रिब्यूशन पॉइंट, डिस्प्ले पिक्चर. तिन्ही अर्थांचा त्या दोन अक्षरांवर सारखा हक्क. व्यवहार झाला की नाही ते मला कळलं नाही, पोहे संपल्यावर मी उठलो. पण जाताना काकू खरोखर एका खांबाजवळ उभ्या राहून वर बघत होत्या. खांबावर कवटी, दोन हाडं आणि '440 व्होल्ट'. नागपूरच्या पिनकोडची सुरुवातही 440 नेच होते. हा निव्वळ योगायोग आहे असं टपाल खातं म्हणेल, पण ज्यांनी इथला मे महिना काढलाय त्यांना तसं वाटत नाही. हा पिनकोड काढणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात काव्यं लिहीत. 15 ऑगस्ट 1972 ला पिन लागू झाला. पोस्टल इंडेक्स नंबर या रुक्ष फुलफॉर्मामागे एक संस्कृत कवी बसलाय, हे कळल्यापासून मी पत्त्याखाली सहा आकडे जरा अक्षर काढून लिहितो.

दोन संस्थांनी नकळत एकच अक्षरं उचलली की काय होतं, याचा उत्तम नमुना नागपुरातच आहे. एफएसआय. बिल्डरचा एफएसआय म्हणजे फ्लोअर स्पेस इंडेक्स, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर किती बांधकाम चढवायचं त्याचं माप. आणि सेमिनरी हिल्सकडे जावं तर तिथे दुसरा एफएसआय आहे, फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया, देशातली जंगलं मोजणारी केंद्र सरकारची संस्था. तिचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. म्हणजे एक एफएसआय झाडं मोजतो आणि दुसरा एफएसआय वाढला की मोजायचं काम हलकं होतं.

एमआरटीपीचीही तीच गत. महाराष्ट्रात 1966 साली प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला, तो एमआरटीपी. तीन वर्षांनी दिल्लीने मक्तेदारी रोखायचा कायदा केला, तोही एमआरटीपी. दिल्लीचा कायदा पुढे स्पर्धा कायद्याने गिळला, आपला टिकून आहे. अनधिकृत बांधकामाला कलम 53 ची नोटीस येते ती याच कायद्याखाली. आमच्या वस्तीत एकाने गच्चीवर पत्रे टाकून खोली काढली, त्याला ही नोटीस आली. कॉमर्स शिकलेल्या त्याच्या मेव्हण्याने पुस्तक काढून शपथेवर सांगितलं की हे मक्तेदारीविरुद्ध आहे, एकट्यानेच गच्चीवर खोली बांधली म्हणून आलंय, आजूबाजूच्यांनाही बांधायला सांग. दोघांनी बांधलीसुद्धा.

पण अक्षरांच्या फेरफारातली खरी गंमत लग्नाच्या बायोडाट्यात. आयटीआय आणि आयआयटी ही तीच तीन अक्षरं. दोन आय, एक टी. टी मध्ये आला तर मुलगा फिटर, टी शेवटी गेला तर मुलगा कॅलिफोर्नियात. नागपुरात यात आणखी भर आहे. एनआयटी म्हणजे प्रन्यास, पण आधी व्ही लावला तर व्हीएनआयटी, इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था. एलआयटी म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1942 ची, आता तिचं विद्यापीठ झालंय. ट्रिपल आयटी बुटीबोरीकडे. 'मुलगा एनआयटीत आहे' या वाक्याने एका मध्यस्थाने दोन्ही घरांना महिनाभर झुलवत ठेवलं होतं. मुलीकडच्यांना वाटलं बी.टेक., मुलाकडच्यांनी सांगितलं होतं ते प्रन्यासातल्या वसुलीचं. नंतर उलगडा झाला तेव्हा मुलीचे वडील नाराज झाले असतील असं कोणालाही वाटेल. उलट खूश झाले. प्रन्यासात माणूस असला तर आर.एल. लवकर निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

आयआयटी मोठी की आयटीआय, याचा निकाल मे महिन्यातल्या दुपारी लागतो. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरचा पंप बंद, खसच्या ताट्या कोरड्याठक्क आणि घरमालक बनियनवर. सनीव्हेलहून मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगतोय, 'बाबा, कॅपॅसिटर चेक करा.' बाबा विचारतात, तो कुठे असतो? मुलगा म्हणतो, सर्च करतो. तोवर श्रद्धानंदपेठेच्या आयटीआयमधून निघालेला एक पोरगा स्कूटरवरून येतो, पाना फिरवतो, फुंकर मारतो, दीडशे रुपये घेतो आणि जातो. पाणी खसवर पडायला लागतं. बाबा कॉल कट करतात.

एलएडीचा उल्लेख इथे केला नाही तर नागपूरकर मला माफ करणार नाहीत. शंकरनगरजवळचं हे मुलींचं जुनं, नावाजलेलं कॉलेज. लेडी अमृताबाई डागा यांच्या नावाची आद्याक्षरं एल, ए, डी. इंग्रजीत ही तीन अक्षरं जोडून वाचली तर 'लॅड', म्हणजे पोरगा. पिढ्यान्‌पिढ्या नागपूरच्या मुली या कॉलेजातून इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडल्या, फाटकावरचा हा विनोद रोज ओलांडत, आणि कोणी त्यावर हसल्याचं ऐकलं नाही. कारण नागपुरात ते कोणी जोडून वाचतच नाही. एल-ए-डी. सुटं सुटं. जोडायचं की सोडायचं याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी कोणी चुकत नाही. मिहान जोडून, डब्ल्यूसीएल सोडून. नीरी जोडून, व्हीसीए सोडून. मिहानच्या बाबतीत तर जोडताना हातचलाखीही झाली आहे. मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर, असं त्याचं भारदस्त नाव. नीट बघा, त्यात 'कार्गो'चा सी आहे, मिहानमध्ये नाही. सगळं ज्या मालवाहतुकीसाठी, तिचंच अक्षर वाटेत गळालं. मालवाहतुकीत असं होतं म्हणा.

रस्त्यांचं थोडक्यात. सेंट्रल अॅव्हेन्यूचं सीए झालं आणि वर रोड लागला, म्हणून आपण रस्ता-रोड म्हणतो. त्या सीए रोडवर सीएंच्या पाट्या बघून एका मुंबईच्या पाहुण्याने हे चार्टर्ड अकाउंटंटांसाठी राखीव आहे काय, असं विचारलं होतं. पुढे.

काही अक्षरं मेल्यावरही घर सोडत नाहीत. राज्य वीज मंडळाचे 2005 च्या जूनमध्ये तुकडे झाले, महावितरण नावाची कंपनी आली, बिलांवर नवं बोधचिन्ह आलं. बेसात लाइट गेली की लोक अजून यमेसईबीलाच शिव्या देतात. वीज मंडळाला बिचाऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्याच्या नावाने रोज काहीतरी सोडलं जातं. विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचं व्हीएनआयटी झालं ते 2002 साली. एखाद्या काकांना पत्ता विचारा, ते 'व्हीआरसीईच्या गेटपासून डावीकडे' असंच सांगणार. सगळ्यांत चिवट सीपी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत 1950 मध्ये कागदावरून गेला, मग नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी झाली, मग 1960 ला आपण सगळे महाराष्ट्रात आलो; पण सीपी क्लब आहे, सीपी अँड बेरारच्या नावाच्या शाळा आहेत. दरम्यान पोलीस आयुक्तही सीपी झाले. 'सीपींना भेटून येतो' म्हणणारा माणूस तक्रार द्यायला चाललाय की टेनिस खेळायला, हे त्याच्या बुटांवरून ठरवावं लागतं.

हे सगळं इंग्रजांनी शिकवलं असं म्हणायची सोय नाही. सा.न.वि.वि. लिहिणारी माणसं आपलीच. साष्टांग नमस्कार विनंती विशेष; पण साष्टांग घालायलाच वेळ नव्हता म्हणून चार अक्षरांत उरकला. चि. सौ. कां., ती., मु. पो., ता. क. ही सगळी घरचीच मंडळी. रोमन लोकही यातले जुने खेळाडू. एसपीक्यूआर, म्हणजे रोमचं सिनेट आणि रोमची जनता, ही चार अक्षरं त्यांनी साम्राज्यभर कोरली. आज रोममध्ये ती गटारांच्या झाकणांवर दिसतात. साम्राज्याची आद्याक्षरं शेवटी गटाराच्या झाकणावर येतात, हे एनएमसीला, म्हणजे आपल्या महानगरपालिकेला, सांगण्याची गरज नाही, तिने सुरुवातच तिथून केली. आणि जगभर बोललं जाणारं ओके हे तर 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून छापलेलं. शुद्धलेखनात नापास झालेली दोन अक्षरं आणि त्यांचा अर्थ 'सगळं बरोबर'.

फरक एवढाच की आपण पूर्वी आपलं नाव आखडायचो आणि आडनाव शाबूत ठेवायचो. नागपुरातच बघा : ग. त्र्यं. माडखोलकर, वा. वि. मिराशी, वि. भि. कोलते. माणूस ओळखू यायचा. आता अख्खं नावच जातं. 1923 सालच्या नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं, आणि पोरं काय म्हणतात? आरटीएमएनयू. ग्रामगीता लिहिणाऱ्या संताचं आरटीएम झालं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पंजाबराव पी झाले. नाव देण्यासाठी समिती, ठराव, समारंभ. नाव मिळाल्यावर पहिल्याच पावतीच्या शिक्क्यावर जागा पुरत नाही. मला तरी वाटतं, कोणाचा खराखुरा मान राखायचा असेल तर संस्थेला त्याचं नाव न देणं बरं.

जी जागा माणसाच्या आतड्याची असते तिला मात्र अक्षरं चिकटत नाहीत, हे मी बघून ठेवलंय. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला नागपुरात जीएमसी म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आम्ही 'मेडिकल' म्हणतो. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाची आद्याक्षरं पाठ असलेला रिक्षावाला मला भेटलेला नाही, ते 'मेयो'. देशभर ज्याला आरएसएस म्हणतात त्याला इथे नुसतं 'संघ' म्हणतात, आणि दीक्षाभूमीला छोटं करायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आमच्या बेसातही स्वामी समर्थांच्या मंदिराला अजून कोणी एसएसएम म्हटलेलं नाही. कधी म्हणतील ते त्या पत्रकवाल्यांना माहीत.

आता बेसाची ग्रामपंचायत गेली आणि बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. मराठीत बे.पि.न.पं. म्हणताना ओठ पुन्हापुन्हा मिटावे लागतात, म्हणून कॉलेजातल्या पोट्ट्यांनी सरळ बीपी करून टाकलं. बेसा-पिपळा रोड म्हणजे बीपी रोड. ज्यांनी पौगंडात 'बीपी' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला, त्या पिढीचा त्यामुळे जरा गोंधळ उडतो. 2013 साली 'बालक-पालक' सिनेमाने तो शब्द मोठ्या पडद्यावर आणला तरी वडीलधाऱ्यांसमोर अजून जीभ अडते. आमच्या शेजारच्या बाई पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लाजून आत गेल्या होत्या. आता त्याच म्हणतात, 'संध्याकाळी बीपीवर जाऊन येते, भाजी आणायची आहे.'

परवा औषधाच्या दुकानात त्या माझ्या पुढे उभ्या होत्या. काउंटरवरचा मुलगा नवा होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि अदबीने विचारलं, 'काकू, बीपी आहे का?'

'हो नं.'

'किती वर्षांपासून?'

'रजिस्ट्री झाली तेव्हापासून,' त्या म्हणाल्या. 'आर.एल. पण आहे.'